तंबाखूची तल्लफ दाबायची नाही, बघायची

जेवण झालं की पुडी बाहेर, तळहातावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने मळणं. हे सगळं होऊन जातं आणि लक्ष भलतीकडेच असतं. म्हणून नुसतं ‘आजपासून बंद’ ठरवून भागत नाही.

पहिला आठवडा फक्त नोंद ठेवा: वेळ, जागा, आधी काय चाललं होतं. तंबाखूचा बार तोंडात धरल्यावर चव नीट बघा. झोंबणं, कडवटपणा, हिरडीची आग. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

मग सोडायला लागा. तल्लफ आली की दोन्ही हात मांडीवर ठेवून १० श्वास मोजा आणि ती शरीरात कुठे आहे ते शोधा: जबडा आवळतोय, तोंडाला पाणी सुटतंय, की बोटं चुळबुळतायत? बहुतेक वेळा ३ ते ५ मिनिटांत जोर ओसरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी याला लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली होती.

चूक होते ती घाईची. ‘जा एकदाची’ म्हणत श्वास मोजले की तीही झटापटच, आणि तल्लफ आणखी चढते. बदली म्हणून सुपारी तर नकोच, तिनेही तोंडाचा कॅन्सर होतो, बडीशेप चालेल. पहिले ३-४ दिवस चिडचिड होते, झोप उडते. ते तंबाखूतलं निकोटिन मिळेनासं झाल्यामुळे. फारच जड गेलं तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात.