पाण्यात गाडी बंद पडली? आधी चावीवरचा हात काढा

मुंबईत हिंदमाताला पाणी होतं. पुढची टॅक्सी आरामात पार झाली, म्हणून मीही गाडी घातली. मधोमध पोचलो आणि इंजिनानं दोन आचके देऊन मान टाकली. मागून हॉर्न, काचांवर वाफ, आणि पायाखालच्या मॅटवर पाणी चढायला लागलेलं. अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं, सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसतंच घर्र. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा इंजिन क्षणभर पेटलं, लगेच आतून कोरडा ‘ठक्’ आवाज आला आणि सगळं शांत झालं.

आठवड्यानं गॅरेजवाल्यानं वर्तमानपत्रावर दोन कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा जोर पुढे पोचवणाऱ्या दांड्या, शेजारी शेजारी ठेवले. एक सरळ, दुसरा वेलचीच्या केळ्यासारखा बाक आलेला. “दादा, पाण्यानं गाडी फक्त बंद पडली होती,” तो म्हणाला, “हे त्यानंतरचं काम आहे.” बिल किती झालं ते इथे लिहीत नाही, घरचेही वाचतात.

सिलिंडरमध्ये हवा असते तेव्हा पिस्टन तिला दाबू शकतो. पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला आले ३०० सीसी. पिस्टन पार वर पोचतो तेव्हा डोक्यावर जागा उरते जेमतेम तीस-पस्तीस मिली. डिझेलमध्ये दाब जास्त लागतो, म्हणून तिथे वीसच्या आसपास. म्हणजे कपभर सोडा, दोन-तीन मोठे चमचे पाणी आत गेलं तरी पिस्टन अडतो आणि मागून येणारा सगळा जोर त्या रॉडवर जातो.

हे पाणी बहुतेक वेळा सायलेन्सरमधून येत नाही. लोक सायलेन्सर बुडाल्याची काळजी करत बसतात, पण इंजिन चालू असेपर्यंत तिथून धूर बाहेर फेकला जात असतो. गाडी पाणी पिते ती नाकानं. हवा ओढायचा पाइप पुढे ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटजवळ असतो. शेजारून एखादी बस लाट उडवत गेली की रस्त्यावर पाणी गुडघ्याखाली असलं तरी पाइप बुडतो.

गाडी बंद पडली, त्या क्षणी

इग्निशन बंद करा. सेल्फ मारू नका, एकदाही नाही. आणि धक्का मारून गिअरमध्ये क्लच सोडायची युक्ती तर अजिबात नको. सेल्फची मोटर तरी लहान असते. धक्का स्टार्टमध्ये टनभर गाडीचा रेटा थेट त्या अडलेल्या पिस्टनवर येतो. मदतीला धावलेली मंडळी हमखास म्हणतील, “साहेब, सेकंडला टाका, आम्ही ढकलतो.” त्यांना हात जोडून सांगा, न्यूट्रलमध्ये ढकला आणि कडेला लावा.

इग्निशन बंद करण्याआधी अर्धा मिनिट हातात असेल तर दोन कामं उरका. काचा खाली घ्या आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर न्यूट्रलला आणा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअर वीज गेल्यावर पार्किंगमधून निघत नाही, मग टोवाला आणि तुम्ही दोघं भिजत उभे राहता.

पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशी मुंबईत काही जण लॉक झालेल्या गाड्यांमध्येच गुदमरून गेले. पट्टा सोडा, काच उघडा, बाहेर पडा. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूनं मारा. पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण फुटून मोकळी होत नाही.

बाहेर काढल्यावर

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. ओल्या वायरिंगमधून करंट खेळत राहिला तर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आणि मुंबईत भरतीच्या वेळी तुंबलेल्या पाण्यात खाडीचा खारेपणा मिसळलेला असेल तर दोन दिवसही पुरतात.

मग हवेच्या फिल्टरचा डबा उघडा. क्लिपा असतात, कुणालाही जमतं. फिल्टरचा कागद कोरडा असेल तर निम्मी काळजी मिटली. ओला असेल, डब्याच्या तळाला पाणी किंवा चिखल असेल, तर पाणी पुढे गेलंय असं धरूनच चाला.

त्यानंतर ऑइलची दांडी. इथे एक गोम आहे. सगळे सांगतात, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. खरं आहे, पण तो रंग इंजिन फिरून ऑइल आणि पाणी घुसळलं गेल्यावर येतो. इंजिन नंतर फिरलंच नसेल तर पाणी तळाला बसतं आणि दांडीवर ऑइल स्वच्छ दिसतं. फक्त पातळी वरच्या खुणेच्या वर गेलेली असते. म्हणून रंग बघा, पण पातळी आधी बघा. बेसमेंटमध्ये रात्रभर बुडालेल्या गाडीचंही असंच. सकाळी पाणी ओसरल्यावर ती वरून ठणठणीत दिसते, आणि “चालू होतेय का बघू” या एका वाक्यात तिचा निकाल लागतो.

टो करताना पुढची चाकं ओढणारी मॅन्युअल गाडी असेल तर पुढची चाकं उचललेली चालतात. ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांना ताकद जाणारी असेल तर फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, पैसे जास्त लागले तरी.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

मेकॅनिकला सांगा, आधी स्पार्क प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवा. प्लगच्या भोकांतून पाण्याचे फवारे उडतात, आणि ते बाहेर उडणं हेच आपल्याला हवं असतं. डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. इंजिन चालू करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे, चालू झाल्यावर थोड्या वेळानं पुन्हा एकदा बदलायचे. “दोनदा कशाला?” असं विचारणारं गॅरेज मी तरी टाळीन. गिअरबॉक्सचं ऑइलही बघायला लावा, कारण गिअरबॉक्सला श्वासासाठी बारीक नळी असते आणि गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की तिथून पाणी ओढतो. डिझेल गाडीत इंधनाच्या फिल्टरखालचा पाणी काढायचा नळ सोडून बघायचा.

इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच स्वतः करू नका. नारिंगी केबलला (तिच्यात जास्त दाबाची वीज असते) हात लावायचा नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि सर्व्हिस सेंटरला जाईपर्यंत ती इमारतीपासून लांब, उघड्यावर ठेवायची. भिजलेली बॅटरी काही दिवसांनीही पेटू शकते.

विमा

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हा भाग सोडून द्या, त्यात स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं. पण बुडालेल्या इंजिनाला नंतर चालू करायला जाऊन जे मोडतं, त्याला कंपन्या तुमच्या कृतीचा परिणाम धरतात आणि नेहमीच्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जोड कवच वेगळं घ्यावं लागतं. झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कवच) घेतलंय म्हणजे हेही आलं, असा माझाही समज होता. ते दोन्ही वेगळे.

गाडी धुण्याआधी फोटो काढा. नंबरप्लेटसह पूर्ण गाडी, दारावरची आणि सीटवरची चिखलाची रेघ, फिल्टरच्या डब्यातलं पाणी. पाणी कुठवर आलं होतं हे ती रेघच विमा कंपनीच्या सर्व्हेअरला सांगते, आणि आपण तीच आधी पुसून टाकतो. कंपनीला लगेच कळवा, सर्व्हे होईपर्यंत इंजिन उघडू देऊ नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरली जाते. त्याच्या आसपास आकडा असेल तर घाईनं दुरुस्तीला हो म्हणण्याआधी शांतपणे हिशेब करा.

आतला ओलावा

कार्पेट वरून पुसून भागत नाही. त्याखाली बोटभर जाडीचा फोम असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. कोपऱ्यातून कार्पेट उचलून फोम मुठीत दाबून बघा, आठवड्यानंतरही काळं पाणी गळतं. सीट काढून, कार्पेट बाहेर आणून वाळवायचं. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला खालून रबरी बूच असतात, ते काढले की उरलेलं पाणी निघून जातं. श्रावणात ऊन कुठलं मिळायला, म्हणून पंखा लावून, काचा उघड्या ठेवून दोन-तीन दिवस द्यायचे. सुगंधी डबी टांगून वास झाकला जातो, बुरशी जात नाही. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स अनेक गाड्यांत गिअरच्या दांडीजवळ खाली, पाणी आधी पोचतं तिथेच असतो. एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी वापरू नका.

गाडी बंद पडलीच नाही तर

तरी दोन गोष्टी करा. पाण्यातून बाहेर आल्या आल्या हळू चालवत ब्रेक हलके हलके दाबत राहा, कारण ओले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. आणि घरी पोचल्यावर हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी ठेवू नका, ओल्या ड्रमला लायनर चिकटून बसतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

महिनाभरानं मागून ‘घूं घूं’ असा आवाज सुरू झाला आणि वेगाबरोबर वाढला, तर चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस त्या दिवशी धुऊन गेलं असणार. डावीकडे वळताना आवाज वाढत असेल तर उजव्या चाकाचं बेअरिंग आधी बघायला सांगा, उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्याचं.