लाइक भरपूर, बुकिंग नाही: डीजेंनो, या चुका टाळा

लग्नसराईत एक दिवस मोकळा नसलेला पोरगाही पावसाळ्यात विचारत बसतो, की फॉलोअर आहेत, रीलला लाइक येतात, मग फोन का वाजत नाही? वाजवण्यात खोट असतेच असं नाही. ज्याने तुम्हाला ऐकलं, त्याला पुढच्या माणसापाशी तुमच्याबद्दल एका वाक्यात काही सांगता येत नाही. घोडं तिथे अडतं.

नावापासूनच बघा. ‘डीजे’, पुढे पाळण्यातलं नाव, त्यापुढे गाव: असे राहुल आणि सागर प्रत्येक तालुक्यात आहेत. पाहुणा इन्स्टावर शोधतो, दुसराच सापडतो, बुकिंग त्याच्या पदरात. फोनवर एकदा ऐकल्यावर टाइप करता येईल असं नाव घ्या. मध्ये दोन ‘ए’, शेवटी तीन ‘झेड’ असल्या करामती नकोत, आणि इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप बिझनेस सगळीकडे स्पेलिंग एकच ठेवा.

रीलमध्ये फक्त तुम्हीच

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. धूर, एलईडी, हेडफोन एका कानाला, हात वर. क्लबवाल्याला ठीक आहे, पण मुलीच्या लग्नाचं बघणाऱ्या बापाला यातून काय कळणार? त्याला बघायचंय की हळदीला खुर्च्यांवर बसून राहिलेल्या आत्या-मावश्या कोणत्या गाण्याला उठल्या, नवरीची एन्ट्री ठरल्या जागी पडली का, विधी चालू असताना तुम्ही आवाज खाली घेतलात का. निम्म्या खुर्च्या भरलेल्या, तुम्ही गाणं बदलता आणि मागच्या रांगेतल्या काकू पदर खोचून पुढे येतात: हे वीस सेकंद धूर-लाइटच्या दहा रीलना भारी पडतात. (पाहुण्यांचे, विशेषतः लहान मुलांचे चेहरे टाकण्याआधी यजमानांना विचारा. न विचारता टाकलं, तर पुढचं लग्न त्या घरातून मिळत नाही.)

आवाजाचंही तेच. बेससमोर धरलेल्या मोबाइलचा माइक फाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं तुमचं साउंडच फाटतंय. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून रेकॉर्डरवर घ्या, मोबाइलमधला गर्दीचा गलका खाली हलका ठेवा. रील म्यूट होत असेल तर अकाउंटचा प्रकार तपासा; बिझनेस अकाउंटला इन्स्टाची गाण्यांची लायब्ररी मर्यादित मिळते.

दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव

दर कडव्याला ‘इन द मिक्स’चा टॅग ठोकला म्हणून गाणं आपलं होत नाही. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल बंद होऊ शकतं आणि सगळी ओळख त्याच चॅनेलवर उभी असेल तर तीही जाते. लग्नात वाजवायला सूट आहे: 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52(1)(झेडए) वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना मोकळीक देतं. ती अपलोडला लागू नाही. कंपनीच्या पार्टीला किंवा हॉटेलच्या थर्टी फर्स्टलाही नाही. तिथे आयोजकाला पीपीएल, आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांचे परवाने बघावे लागतात. हॉटेलच्या मॅनेजरने विचारल्यावर एवढं दोन वाक्यांत सांगू शकणारा डीजे त्याच्या लक्षात राहतो.

दहाला गोंधळ

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणावाराच्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, पण लॉनवरच्या संगीताला ती गृहीत धरू नका. ही गोष्ट यजमानाला बुकिंगच्या दिवशी सांगायची असते. पावणेदहाला सांगितली की तो तुमच्यावर चिडतो, आणि न सांगता वाजवत राहिलात की पोलीस येतात, पाहुण्यांसमोर प्लग निघतो, नवरदेवाचे मित्र माइक मागायला धावतात. पाहुणे घरी जाऊन ‘त्या डीजेच्या वेळी पोलीस आले होते’ एवढंच सांगतात. ठेका धरायला लावणारी गाणी साडेनऊच्या आत संपवा. शेवटची पंधरा मिनिटं घरच्यांच्या फर्माइशीला द्या आणि दहाला पाच कमी असताना स्वतःहून आवाज उतरवा.

दराबद्दल थोडंच. ‘तुमचं बजेट सांगा’ हे उत्तर सोडा. डीजेची फी, साउंड, लाइट, जनरेटर आणि जादा तासाचा दर वेगळे लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा, ॲडव्हान्स आल्यावरच तारीख धरा. सगळं एका आकड्यात कोंबलं की ग्राहक ‘टॉप किती, बेस किती’ एवढंच मोजतो आणि तुमची किंमत स्पीकरच्या भाड्यात विरघळते.

लग्नांत वाजवता वाजवता गोव्याच्या किंवा पुण्याच्या क्लबमध्ये शिरायचं असेल तर दोन्हीचं मिश्रण एकाच पेजवर ओतू नका. क्लबच्या बुकिंगवाल्याला हळदीचं काय? त्याला एका ढंगाचा तासाभराचा सलग मिक्स द्या. डीजे क्रेटेक्स बघा: मराठी बोल आणि हाऊस म्युझिक (क्लबमध्ये चालणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) एवढंच धरून बसला आणि 2024 मध्ये त्याचं गाणं स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच लेबलवर आलं. मराठी हाऊस म्हटलं की आता त्याचंच नाव आधी निघतं.

आणि क्लबला जाताना पेनड्राइव्ह दोन न्या, दोन्ही एफएटी32 या जुन्या फॉरमॅटमध्ये केलेले. तिथल्या जुन्या सीडीजेने (क्लबमधला डीजेचा प्लेअर) एक्सफॅट हा नवा फॉरमॅट वाचला नाही, तर साउंडवाल्यासमोर तुमची पहिली ओळख तीच.