ख्रिस्तावरचा विश्वास की नुसते भारावणे? स्वतःला तपासण्याची रीत

आपला ख्रिस्तावरील विश्वास खरा आहे का, हे ज्याला पाहायचे आहे त्याने आधी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 24वा अध्याय सावकाश वाचावा. कैसरियात रोमी सुभेदार फेलिक्सपुढे प्रेषित पौल कैदी म्हणून उभा आहे. फेलिक्सला ‘या मार्गाची’, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची, चांगली माहिती होती, असे या पुस्तकाचा लेखक लूक मुद्दाम नोंदवतो. पुढे पौल नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि येणारा न्याय यांविषयी बोलू लागला तेव्हा फेलिक्स घाबरला, म्हणजे त्याचे मनही हलले. तरीही सवड झाली की बोलावतो, असे सांगून त्याने पौलाला परत पाठवले, लाचेच्या आशेने तो त्याला वरचेवर बोलावत राहिला आणि दोन वर्षांनी पद सोडताना त्याला कैदेतच ठेवून गेला.

यावरून पहिली सूचना अशी की, संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरवलेल्या सभेत, डोळे पाणावले त्याच रात्री स्वतःविषयी निर्णय देऊ नये. काही आठवडे जाऊ द्यावेत. येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी, म्हणजे वचन आनंदाने स्वीकारणारा माणूस, लगेच उगवले होते. त्याची परीक्षा ऊन चढल्यावर झाली. नंतर निवांत बसून, त्या वेळी जे पटले त्यावर आपण काय केले, एवढेच स्वतःला विचारावे. भावाच्या वाट्याची दाबलेली जमीन, घरकामाच्या बाईंचे थकवलेले पैसे, वर्षानुवर्षांचा अबोला, यांपैकी कशाला हात लागला का? ‘सवड झाली की’ हे उत्तर वारंवार येत असेल, तर काळजी करावी.

बुद्धीने पटण्याची फसवणूक अधिक सूक्ष्म असते, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या वातावरणात, वाढलेल्यांना ती जास्त भोवते असे मला वाटते. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतः पक्की करण्याच्या विधीआधीच्या, वर्गातील सगळी उत्तरे तोंडपाठ असतात. पण देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब आपल्या पत्रात बजावतो. येथे पाहायचे ते असे की, शिकवण आणि आपला स्वार्थ समोरासमोर आले तेव्हा कोणाचे चालले. अर्थात विलंब म्हणजे नकारच, असेही नाही. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींना ख्रिस्ती मत पटल्यानंतर 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेईपर्यंत मध्ये बराच काळ गेला होता.

मात्र या तपासणीला पुण्याच्या जमाखर्चाचे रूप देऊ नये. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड देण्याचे जाहीर केले, ते येशूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरवल्यानंतर. परतफेड ही कृपेची किंमत नव्हती. तसेच मन कोरडे पडले म्हणजे विश्वास संपला, असे समजू नये. 88वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते गाणारा शेवटपर्यंत देवाशीच बोलत राहतो. आजारी मुलाला घेऊन आलेल्या आणि ‘माझ्या अविश्वासाला साहाय्य करा’ असे म्हणणाऱ्या बापालाही येशूने परत पाठवले नाही.

शेजारच्या बाकावरील माणसावर ही कसोटी लावू नये. स्वतःची पारख करा, असे पौल करिंथकरांना लिहितो. स्वतःचे उत्तर पडताळायचे असल्यास पाळकांपेक्षा घरच्यांना किंवा आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारावे, आणि ते बोलत असताना खुलासा करू नये.