नव्या बँकेत खाते उघडताना ओळख पहिल्याच फेरीत कशी पटवावी

नोकरी बदलली, जवळची शाखा बंद झाली किंवा सेवा पटेनाशी झाली, की खाते दुसऱ्या बँकेत न्यायचा विचार सुरू होतो. कंपनी बदलूनही मोबाइल नंबर तोच ठेवता येतो, तशी सोय भारतात बँक खात्याला नाही. नव्या बँकेत नवे खातेच उघडावे लागते आणि तिथे ओळखही नव्याने पटवावी लागते. लोक फाइल भरून कागद नेतात, तरी परत पाठवले जातात. कारण बँकेला चार कागदांची गरज नसते. नियमात बसणारा एकच कागद हवा असतो, आणि त्यावरचे नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवे असते. तयारीचा बराचसा वेळ या जुळवणीलाच द्या.

आधी एक गोष्ट तपासा. फक्त गाव बदलले असेल आणि त्याच बँकेची शाखा नव्या गावात असेल, तर नवे खाते कशाला उघडायचे? पूर्ण केवायसी (ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांची पडताळणी) झालेली असेल आणि तिची मुदत उलटलेली नसेल, तर ती त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत चालते. खाते शाखांतरित करण्याचा अर्ज द्यायचा, एवढेच.

१. कोणता कागद चालतो, कोणता नाही

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी सहाच कागद ग्राह्य आहेत: पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्ता असलेले पत्र. यांपैकी एक पुरतो. डिजिलॉकर या सरकारी अॅपमधून मिळालेला परवानाही चालतो, मात्र परवाना किंवा पासपोर्टची मुदत संपलेली नसावी.

रेशनकार्ड या यादीत नाही. पॅनकार्डही नाही. त्यावर पत्ताच नसतो. पण पॅन वेगळ्या कारणासाठी लागतेच, आणि ते नसेल तर बँकेत ज्याला फॉर्म ६० म्हणतात ते जाहीरपत्र भरून द्यावे लागते. पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे निष्क्रिय झाले असेल तर खाते तिथेच अडते. म्हणून आयकर विभागाच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

आधारशिवाय बँक खाते उघडताच येत नाही, असा एक गैरसमज पक्का बसला आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. त्यामुळे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर खाते उघडणे हा तुमचा हक्क आहे. त्या खात्यात सरकारी अनुदान किंवा योजनेचे पैसे हवे असतील, तर मात्र आधार द्यावेच लागते.

सहापैकी एकही कागद नसेल, तर बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून आणि स्वतःचा फोटो देऊन ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, वर्षाचा भरणा १ लाखापर्यंत आणि महिन्याला काढता येणारी रक्कम १०,००० पर्यंत असते. हे खाते आधी १२ महिने चालते. तेवढ्यात एखाद्या ग्राह्य कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला, तर आणखी १२ महिने मिळतात.

२. नावाची जुळवाजुळव

सर्वाधिक खोळंबा इथे होतो, आणि मराठी नावांच्या बाबतीत त्याची कारणे ठरलेली आहेत. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका कार्डावर ‘पांडुरंग’, दुसऱ्यावर ‘पांडुरंगराव’. एकीकडे ‘लक्ष्मी’, दुसरीकडे ‘लक्ष्मीबाई’. ‘विश्वास’ एका ठिकाणी डब्ल्यू घालून लिहिलेले, दुसऱ्या ठिकाणी व्ही घालून. जुन्या पासबुकावर नुसती आद्याक्षरे. नावाचा क्रम उलटा असेल तर अधिकारी सहसा समजून घेतो, पण संगणकावर होणारी पडताळणी अक्षर न् अक्षर ताडून पाहते.

टेबलावर पॅन आणि आधार शेजारी ठेवा आणि इंग्रजीतले नाव अक्षरागणिक वाचा. जन्मतारीखही ताडून पाहा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन. कारण पॅनची दुरुस्ती आधारच्या ई-केवायसीवरून, म्हणजे आधारच्या नोंदीवरून होणाऱ्या ऑनलाइन पडताळणीवरून, करता येते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी नाव कायमचे कसे ठेवायचे ते नक्की ठरवा. एक संधी घाईत वाया गेली तर पुढे फार जड जाते.

लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले असेल, तर सगळी कार्डे बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. जुन्या नावाच्या ओळखपत्रासोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडली, की तो कागद ग्राह्य धरावा असे नियमच सांगतो. महाराष्ट्रात हे प्रमाणपत्र १९९८ च्या कायद्याखाली ‘नमुना ई’ मध्ये मिळते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. त्यावरचे माहेरचे नाव तुमच्या जुन्या कार्डाशी जुळते का ते पाहा. लग्नात पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घेणे जास्त भरवशाचे. त्यासाठी राज्याच्या शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. पुष्कळ जण स्टँप पेपरवरचे प्रतिज्ञापत्र घेऊन येतात. बँकेने मागितले तर जरूर द्या, पण नियमात नाव आहे ते विवाह प्रमाणपत्राचे आणि राजपत्राचे. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर खर्च करून निर्धास्त होऊ नका.

नाव बदलायचेच नसेल तर तेही सोपे आहे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. पॅन, आधार आणि खाते तिन्ही माहेरच्या नावाने एकसारखे असले, की बँकेला दुसरे काही नको असते.

३. पत्ता जुना असेल तर

भाड्याने राहणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार, ग्राह्य कागदांच्या यादीत सर्वसाधारणपणे येत नाही. सरकारी किंवा मोठ्या मान्यताप्राप्त संस्थेने कर्मचाऱ्याला दिलेल्या घराचा करार किंवा वाटपपत्र तेवढे चालते. बाकीच्यांना दोन वाटा आहेत.

पहिली: आधार क्रमांक देऊन ई-केवायसी करा आणि सध्याचा पत्ता स्वतःच्या सहीने लिहून द्या. नियम एवढ्यावर समाधान मानतो. काउंटरवर हे अनेकदा माहीत नसते, तेव्हा ‘सध्याच्या पत्त्याचे स्वघोषणापत्र’ हेच शब्द वापरून विचारा.

दुसरी: जुन्या पत्त्याच्या ओळखपत्रासोबत नव्या पत्त्याचे वीज, पाणी, पाइप गॅस, टेलिफोन किंवा पोस्टपेड मोबाइलचे बिल द्या. ते दोन महिन्यांपेक्षा जुने नसावे. घरपट्टीची पावती किंवा पत्ता असलेला निवृत्तिवेतनाचा आदेशही चालतो. पण ही सवलत तात्पुरती आहे: तीन महिन्यांत नव्या पत्त्याचे ओळखपत्र बँकेला द्यावे लागते. वीजबिल घरमालकाच्या नावाचे असेल तर या वाटेने जाऊ नका, पहिलीच धरा.

४. शाखेत, व्हिडिओवर की नुसत्या ओटीपीवर?

मुख्य खाते हलवत असाल तर शाखेत जाणे किंवा व्हिडिओ केवायसी, यांपैकी एक निवडा. नुसत्या आधार ओटीपीवर पाच मिनिटांत उघडणाऱ्या खात्यावर बंधने असतात: शिल्लक १ लाखापर्यंत, आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांपर्यंत. दरमहा ४०,००० पगार असेल तर सहाव्या पगाराला खाते अडते. एका वर्षात पूर्ण केवायसी झाली नाही तर ते बंद होते.

व्हिडिओ केवायसी फसते ती ठरावीक कारणांनी. मूळ पॅनकार्ड हातात हवे. ई-पॅन डिजिलॉकरमधून चालते, पण त्याची कागदावर काढलेली प्रत चालत नाही. फोनचे लोकेशन चालू हवे आणि तुम्ही भारतात असायला हवे. व्हीपीएन (फोनचे खरे ठिकाण लपवणारी सोय) चालू राहिले तर यंत्रणा तुम्हाला परदेशात समजते. आधारची ऑफलाइन फाइल (आधारच्या संकेतस्थळावरून उतरवलेली) वापरायची तर ती तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जुनी नको. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. कॉल मध्येच तुटला तर पहिल्यापासून सुरुवात होते, म्हणून चांगल्या नेटवर्कची जागा धरा. हा कॉल बँकेचा स्वतःचा अधिकारी, बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेवरून घेतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल करून केवायसी मागणारा बँकेचा नसतो. त्याला काही सांगून बसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

शाखेत अंगठा लावून ई-केवायसी होते. शेतीत किंवा बांधकामावर राबलेल्या हातांचे आणि वयस्कांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा दुसरे बोट, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहऱ्याची पडताळणी करायला सांगा. तेही जमले नाही तर आधारच्या किंवा दुसऱ्या ओळखपत्राच्या मूळ प्रतीवरून पडताळणी करण्याची तरतूद आहे. माणसाला परत पाठवायचे कारण नाही. ठसा व्यवस्थित असूनही नाकारला जात असेल तर तुम्ही पूर्वी आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे का ते पाहा. ओटीपी येत नसेल तर आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असतो; आधी आधार केंद्रात जाऊन नवा नोंदवा.

सोबत मूळ कागद, झेरॉक्स आणि दोन फोटो न्या. प्रत्येक झेरॉक्सवर सही, तारीख आणि ‘केवळ बचत खाते उघडण्यासाठी’ असे छापील अक्षरांवरून जाईल अशा बेताने लिहा. आधारची झेरॉक्स द्यायचीच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत काढा. पूर्वी एखाद्या बँकेने १४ अंकी केवायसी ओळख क्रमांक एसएमएसने कळवला असेल तर तो द्या. तुमच्या संमतीने बँक तुमची नोंद केवायसीच्या केंद्रीय नोंदवहीतून उचलू शकते, आणि माहिती बदललेली नसेल तर तेच कागद पुन्हा मागण्याचे कारण उरत नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यासाठी झेरॉक्सवर तिथल्या नोटरीची, भारतीय वकिलातीची किंवा भारतीय बँकेच्या परदेशी शाखेची साक्षांकनाची सही घ्यावी.

५. जुने खाते लगेच बंद करू नका

ई-केवायसी झाली म्हणजे अनुदान नव्या खात्यात येईल, ही समजूत महागात पडते. लाडकी बहीण, पीएम किसान, गॅसचे अनुदान हे पैसे सहसा खाते क्रमांक पाहून येत नाहीत. एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमचा आधार ज्या बँकेशी जोडलेला आहे, तिथे ते जातात, आणि अशी बँक एका वेळी एकच असते. त्यासाठी नव्या बँकेत आधार सीडिंगचे (खात्याला आधार जोडण्याचे) संमतिपत्र वेगळे भरा आणि त्यात जुन्या बँकेचे नाव लिहून ‘तिथून इकडे’ असे स्पष्ट नोंदवा. काही दिवसांनी मायआधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्थिती’ पाहा. नव्या बँकेचे नाव दिसेपर्यंत जुने खाते चालू ठेवा.

नवे खाते आणखी दोन ठिकाणी नोंदवावे लागते: भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन (सदस्य क्रमांक) पोर्टलवर आणि आयकर परताव्यासाठी ई-फायलिंग संकेतस्थळावर. दोन्हीकडे खात्यावरचे नाव नोंदीतल्या नावाशी ताडले जाते. नाव आधीच जुळवले असेल तर हे काम मिनिटांत होते.

पगार, विम्याचे हप्ते आणि एसआयपी (म्युच्युअल फंडाचे ठरावीक हप्ते) हलल्यावर मागची स्टेटमेंट उतरवून घ्या, उरलेले धनादेश व कार्ड परत करा आणि मग बंद करण्याचा अर्ज द्या. संयुक्त खात्यावर सगळ्यांच्या सह्या लागतात.

बँकेने नकार दिला तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. विचार न करता अर्ज फेटाळू नये आणि फेटाळल्याचे कारण अधिकाऱ्याने नोंदवावे, असे नियमात २०२५ पासून स्पष्ट आहे. अपंग व्यक्तींना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत एवढ्यावरून चेहऱ्याच्या तपासणीत बाद करता येत नाही. अर्जाची पोच घ्या आणि शाखेत लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक मागा. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती ऑनलाइन करता येते, फी लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोच आणि तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवा. त्यांशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.