दात पडला किंवा तुटला तर काय बसवायचं आणि ते कसं ठरवायचं

माझी खालची डावी पहिली दाढ मी २६व्या वर्षी काढून टाकली. ठणका सहन होत नव्हता, आरसीटीचा (रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली नस साफ करून भरणं) खर्च नको वाटत होता, आणि एका दाढेनं काय फरक पडतोय असं घरचेही म्हणाले आणि ज्यांनी काढली ते डॉक्टरही म्हणाले. सहा वर्षांनी तिथे दात बसवायला गेले तेव्हा मागची दाढ पुढे कलंडलेली, वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरलेली, आणि मधलं हाड एवढं बारीक झालेलं की आधी हाड भरायचं, चार महिने थांबायचं, मग इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू), मग परत तीन महिने, आणि खाली उतरलेली वरची चांगली दाढ घासून तिलाही कॅप, म्हणजे वरून चढवायचं टोपण. जागा मोकळी ठेवणं हा सगळ्यात महाग पर्याय असतो हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय. त्यानंतर आईची कवळी, सासऱ्यांचा ब्रिज, सगळीकडे मीच बरोबर गेले, त्यामुळे खुर्चीच्या बाजूला उभं राहून बरंच शिकायला मिळालं.

आधी तातडीचं सांगते कारण यात मिनिटं मोजावी लागतात. खेळताना किंवा गाडीवरून पडून अख्खा पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो टाकू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, माती लागली असेल तर दुधात किंवा थंड पाण्यात अलगद धुवा पण घासू नका, आणि जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरा. नाही जमलं तर कपभर थंड दुधात टाकून सरळ डॉक्टरकडे. अर्ध्या तासात पोचलात तर तोच दात परत रुजायची चांगली आशा असते, तासाभरानंतर ती झपाट्यानं कमी होते. कोरड्या कागदात गुंडाळून नेऊ नका, मुळावरच्या पेशी सुकून मरतात. लहान मुलाचा दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नाही, आत वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.

आता नेहमीचं. डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की माझा स्वतःचा दात किती शिल्लक आहे. सगळं त्यावर ठरतं. कीड छोटी असेल तर फिलिंग पुरतं, दाताच्या रंगाचं कंपोझिट किंवा ज्याला आपल्याकडे सरसकट सिमेंट म्हणतात ते. दाढेचा एखादा कोपरा गेलाय पण नस चांगली आहे अशा वेळी ऑनले म्हणून प्रकार असतो, तेवढाच तुकडा बाहेर बनवून चिकटवतात, याबद्दल फार जण सांगत नाहीत, तुम्ही विचारा. कीड आतल्या नसेला पोचली, गरम-थंड लागून बराच वेळ कळ राहते, रात्री ठणकतं, तर आरसीटी. आणि दाढेची आरसीटी झाली की बहुतेक वेळा कॅप लागतेच, कारण कीड आणि ड्रिलिंगमध्ये आतला भाग इतका गेलेला असतो की उरलेल्या भिंती कडक काही चावताना उभ्या चिरतात. मुळापर्यंत चीर गेली की बहुतेकदा तो दात काढावाच लागतो. आरसीटीनंतर दुखायचं थांबतं म्हणून लोक कॅपला जातच नाहीत आणि चार-सहा महिन्यांनी दाढेचे दोन तुकडे घेऊन येतात, हे सासऱ्यांच्या बाबतीत मी डोळ्यांनी बघितलंय, साधी चकली खाताना.

दात वाचवण्यासारखा आहे का हे कळायला एक मोजमाप लक्षात ठेवा, हिरडीच्या वर चहूबाजूंनी साधारण २ मिलिमीटर तरी निरोगी दात उरायला हवा, म्हणजे कॅपला धरायला काहीतरी मिळतं. त्याहून कमी असेल तर आत पोस्ट म्हणजे आधाराची काडी टाकून उभारणी करतात खरी, पण पकडच नसेल तर ती फार टिकत नाही, तेव्हा स्पष्ट विचारा की हे किती वर्षं जाईल.

कॅपमध्ये धातूची सगळ्यात मजबूत आणि स्वस्त, मागच्या दाढेला दिसतही नाही. धातूवर सिरॅमिक चढवलेली मधली, पण हिरडी थोडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसायला लागते आणि वरचं सिरॅमिक कधी कधी टवका उडून निघतं. झिर्कोनिया मजबूत आणि पांढरी, हल्ली दाढांना तीच जास्त बसवतात. पुढच्या पटाशीच्या दातांना जिथे चमक आणि पारदर्शकपणा महत्त्वाचा तिथे लिथियम डायसिलिकेट म्हणजे ई-मॅक्स चांगली दिसते. रंग शक्यतो दिवसाच्या उजेडात ठरवा, आणि शेजारचे दात ओले असताना, कारण दात सुकला की जास्त पांढरा दिसतो.

कॅप बसवताना डॉक्टर एक पातळ निळा किंवा लाल कागद मध्ये धरून "चावा" म्हणतात. जिथे उंच लागतं तिथे गडद ठिपका उमटतो, तेवढंच घासतात, परत कागद, परत चावा. इथे घाई करू नका. भूल दिलेली असेल तर चाव्याचा नीट अंदाजच येत नाही, म्हणून घरी जाऊन दोन दिवस जेवून बघा आणि जरा जरी उंच लागत असेल, पहिल्यांदा त्याच दातावर जबडा टेकत असेल, तर परत जाऊन सांगा, लाजू नका. होईल सवय म्हणून सोडून दिलं की तो दात दुखायला लागतो.

दात गेलेलाच असेल तर ब्रिज, इम्प्लांट, नाहीतर काढघालीचे दात. ब्रिजमध्ये दोन्ही बाजूचे दात घासून त्यांना कॅप आणि मध्ये खोटा दात, तिन्ही जोडलेले. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. शेजारच्या दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा कॅप असेल तर ब्रिज उत्तम, सासऱ्यांना म्हणूनच केला. पण शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर ते घासायला माझं मन होत नाही, घासलेला दात परत येत नाही.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर अबटमेंट म्हणजे जोडणारा तुकडा, त्यावर कॅप. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर काम करताना दिसलं की टायटॅनियम हाडाला असं धरून बसतं की काढता येत नाही, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला असे दात बसवले. हाडाला एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणून "आज बसवा उद्या चावा" असं प्रत्येकाला जमत नाही. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून हाडाची उंची-रुंदी बघायलाच हवी. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाड सगळ्यात वेगानं झिजतं, तेव्हा दात काढायच्या आधीच पुढे काय बसवायचं ते बोलून घ्या. शुगर असेल तर एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट न्या. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल तर खरं सांगा, इम्प्लांट न धरण्याचं ते मोठं कारण आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर तेही आवर्जून सांगा, त्या औषधांवर असताना जबड्याच्या हाडाची जखम भरायला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांट नको, जबडा वाढत असतो. पुढचा दात गेला असेल तर तोवर मागून चिकटवायचा मेरिलँड ब्रिज करता येतो.

खर्चाचं एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात इम्प्लांट, अबटमेंट, कॅप, स्कॅन, लागलं तर हाड भरणं, सगळं धरलंय का ते ओळ न ओळ विचारा. बऱ्याचदा जाहिरातीतला आकडा नुसत्या स्क्रूचा असतो. कंपनीचं नाव, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर फाईलमध्ये लावून घ्या, दहा वर्षांनी गावं बदलली तरी दुसऱ्या डॉक्टरला त्याच कंपनीचा पार्ट मागवता येतो. साध्या मेडिक्लेममध्ये हे काम सहसा बसत नाही, अपघात असेल तर पॉलिसी वाचून बघा. बजेट कमी असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं, गोव्यात बांबोळी, इथे शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, अर्धा दिवस जातो, पण खिशावरचा भार बराच कमी होतो.

कवळीबद्दल जरा जास्त लिहिते. आईचे सगळे दात गेले तेव्हा वरची कवळी टाळूला मस्त धरून बसली, पण खालची बोलताना उठायची. त्यात तिची चूक नव्हती, खाली टाळूसारखी जागाच नसते आणि जीभ सतत ढकलते. पहिले आठ दिवस तिनं वरण-भात आणि दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, मोठ्यानं पेपर वाचून "स" आणि "फ"ची सवय केली, टोचलं की तसंच न सोसता जाऊन घासून आणलं. घास दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते कळल्यावर कवळी कलायची थांबली. तरी ज्वारीची भाकरी जमेना, मग खाली दोन इम्प्लांट टाकून त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी केली. नंतर कळलं की खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा असं २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं. दोनच इम्प्लांट लागतात, त्यामुळे पूर्ण फिक्स दातांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

रोजची काळजी अशी. ब्रिजखाली साधा ब्रश पोचत नाही, सुपरफ्लॉस (कडक टोकाचा खास दोरा) किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश ओवून काढा. इम्प्लांटला कीड लागत नाही पण हिरडी सुजून हाड जाऊ शकतं, तेव्हा सहा महिन्यांनी क्लिनिंग. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको, वाकडी होते. टूथपेस्टनं चरे पडतात, त्यापेक्षा भांडी धुवायचं लिक्विड आणि मऊ ब्रश. आणि धुताना बेसिनमध्ये चार बोटं पाणी भरून घ्या किंवा खाली टॉवेल अंथरा. आईची पहिली कवळी हातातून निसटून बेसिनवर आपटली आणि बरोबर मधोमध दुभंगली, तेव्हापासून आमच्या बेसिनच्या कडेला एक जुना नॅपकिन कायमचा घडी घालून ठेवलेला असतो.