डायग्नोसिसची तारीख लांब आहे, तोपर्यंत काय करायचं

आमच्या मुलाला ऑटिझम (मराठीत स्वमग्नता) आहे हे कागदावर यायला सव्वादोन वर्षं लागली. वीस महिन्यांचा होता तेव्हा मला पहिल्यांदा डाउट आला, आणि रिपोर्ट हातात पडला तेव्हा चौथ्या वाढदिवसाला एक महिना बाकी. आम्ही घणसोलीचे. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, ऑफिसमध्ये एक्सेल भरणारी बाई आहे. पण या सव्वादोन वर्षांत जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितेय.

आधी उशीर का होतो ते सांगते, म्हणजे सगळं आपलंच चुकलं असं डोक्यात बसणार नाही. ऑटिझमची रक्ततपासणी नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. कोणीतरी अनुभवी माणसाने मुलाला बघायचं, खेळवायचं, आपल्याला शंभर प्रश्न विचारायचे आणि मग ठरवायचं. हे करणारे लोक म्हणजे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, मुलांचे सायकियाट्रिस्ट, मुलांचे न्यूरोलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि हे गल्लोगल्ली नाहीत. त्यात आपल्याकडचं ठरलेलं वाक्य, "मुलगे उशिराच बोलतात." आमच्या सासूबाईंचं तर, "याचा बाप साडेतीन वर्षांपर्यंत मुका होता, आता बघ ऐकतो का कुणाचं!" सगळे हसतात, आपणही हसतो, आणि सहा महिने गेलेले असतात.

आमच्या केसमध्ये अजून एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. हा आई म्हणायचा नाही, पाणी म्हणायचा नाही, पण ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला माझ्या आईकडे जाऊन जाऊन "पुढील स्टेशन ऐरोली" असं त्या अनाउन्समेंटवाल्या बाईच्या सुरात अगदी तंतोतंत म्हणायचा. आंघोळीला बसला की पुढील स्टेशन ऐरोली, लिफ्टचं दार बंद झालं की पुढील स्टेशन ऐरोली. एका डॉक्टरांकडे नेलं तर तिथे नेमकं हेच म्हणाला आणि ते म्हणाले, अहो बोलतोय की छान, स्पष्ट मराठी आहे, सहा महिने थांबा. मी तर पेढे वाटायच्या मूडमध्ये घरी आले. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं याला इकोलालिया म्हणतात, आणि वाक्य येणं वेगळं आणि त्या वाक्याने समोरच्याकडे काही मागणं, सांगणं वेगळं, हे मला खूप नंतर कळलं.

म्हणून पहिलं काम, व्हिडिओ काढा. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये मूल काय दाखवेल याचा भरवसा नाही, नवीन जागा, पंखा बघत बसेल किंवा झोपेल. तीस-चाळीस सेकंदांचे आठ-दहा व्हिडिओ पुरतात. मागून नावाने हाक मारली तर वळतो का, एकटा खेळताना काय करतो (आमचा चपला ओळीत लावायचा, पूर्ण मजल्याच्या), बागेत बाकी मुलं असताना, जेवताना, मिक्सर सुरू झाला की. आणि व्हिडिओ काढताना "बोल ना रे बाळा, म्हण ना" असं मागून करू नका, आहे तसं येऊ दे. पहिल्या वाढदिवसाचे जुने व्हिडिओ पण शोधून ठेवा. शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमनी निम्मं त्या ऐरोलीच्या व्हिडिओंवरूनच ओळखलं. सलग चार वेळा बघितला आणि मग विचारलं, हे म्हणताना तो तुमच्याकडे बघतो का हो? नाही बघायचा. एकदाही नाही.

सोबत एक साधी वही. तारीख, आधी काय झालं, मग काय केलं, कशाने शांत झाला. रोज नाही जमत, मला पण नाही जमलं, आठवड्यातून दोनदा पुरे. एक गोष्ट मात्र वहीत लिहून थांबायची नाही. आधी येत असलेले शब्द गेले, किंवा झटके आल्यासारखं वाटलं, एकटक बघत गोठल्यासारखं होतंय, तर अपॉइंटमेंटची तारीख बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मूल सोळा ते तीस महिन्यांच्या मधलं असेल तर एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची हो-नाही वाली यादी आहे, ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मागा. ते स्क्रीनिंग आहे, डायग्नोसिस नाही, म्हणजे त्यात जास्त मार्क आले म्हणून ऑटिझम पक्का असं नाही आणि कमी आले म्हणून विषय संपला असंही नाही. पण "मला वाटतंय" पेक्षा भरलेला कागद पुढे ठेवला की पुढच्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी पटकन मिळते, हा माझा अनुभव.

कानाची तपासणी आत्ताच करून टाका. हाकेला वळत नाही म्हटल्यावर सगळे आधी तेच विचारतात आणि त्याच्यासाठी पुन्हा वेगळी तारीख म्हणजे अजून महिना-दीड महिना. बांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, प्रायव्हेटमध्ये पण होते. बेरा म्हणजे कानाच्याच एका टेस्टला लहान मूल झोपलेलं लागतं, म्हणून सकाळपासून जागं ठेवायला सांगतात. आम्ही पहाटे पाचला उठवला, व्यवस्थित जागा ठेवला, आणि ट्रेनमध्ये वडाळ्याच्या आधी पठ्ठ्या माझ्या मांडीवर गाढ. तिथे पोचल्यावर टक्क जागा. परत तारीख. त्यामुळे दोन माणसं जा, एकाचं काम फक्त त्याला झोपू न देणं.

आता रांगेचं. एकाच ठिकाणी नाव देऊन वाट बघू नका, दोन-तीन ठिकाणी लावा, सरकारी आणि प्रायव्हेट दोन्ही. लोकांना माहीत नसतं पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात जिल्हा पातळीवर अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरची, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि मदत सुरू करायची सोय आहे, तुमच्या अंगणवाडीत किंवा सिव्हिलमध्ये चौकशी करा. नवी मुंबईवाल्यांसाठी महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीला आहे, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं रीजनल सेंटर आहे. ठाण्यात कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल आहे. फोन करून विचारा की ऑटिझमचं असेसमेंट कुठल्या वारी असतं आणि काय कागद लागतात, नुसतं जाऊन उभं राहू नका, मी उभी राहिलेय. प्रायव्हेटमध्ये रिसेप्शनच्या ताईंना सांगून ठेवा की कॅन्सलेशन आलं तर अर्ध्या तासात निघू. आणि दर सोमवारी गोड बोलून फोन. आम्हाला चार महिन्यांनंतरची तारीख होती, ती अशीच सात आठवडे अलीकडे आली, कुणाचं तरी मूल तापाने आजारी होतं बिचारं.

पण खरा मुद्दा हा की थेरपीसाठी डायग्नोसिस लागत नाही. हे मला कोणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. स्पीच थेरपिस्ट आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुलाला काय येत नाही त्यावर काम करतात, नाव काय आहे त्यावर नाही. बोलत नाही ना, मग स्पीच सुरू करा. आवाज सहन होत नाहीत, टाचा वर करून चालतो, केस कापताना आकांत, मग ओटी. फक्त माणूस तपासून घ्या. स्पीचवाले, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर असतो, ओटीवाल्यांची महाराष्ट्रात वेगळी कौन्सिल आहे. नंबर विचारला म्हणून जो चिडतो तिथून निघा. आणि पालकांना आत बसू देत नाहीत, घरी काय करायचं सांगत नाहीत, तिथे मी पैसे घालणार नाही, कारण आठवड्यातली दोन सेशन म्हणजे दीड तास, बाकीचा आठवडा मूल आपल्याकडेच असतं.

घरी आम्ही काय केलं त्यातली कामाला आलेली एक गोष्ट सांगते, डब्याची. त्याला शेंगदाण्याचे लाडू भयंकर आवडतात आणि ते मी हाताशी ठेवायचे, रडायच्या आधीच द्यायचे. थेरपिस्ट म्हणाली, मग त्याने मागायचं कशाला? तेव्हा तेच लाडू पारदर्शक डब्यात, झाकण घट्ट. पहिले दोन दिवस आपटला. तिसऱ्या दिवशी डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि माझा हात धरून झाकणावर नेला. मी "उघड?" म्हटलं, दोन सेकंद थांबले, झाकण उघडलं. असं दिवसातून चार-पाच वेळा, मी जमिनीवर, तोंड त्याच्या तोंडासमोर येईल असं. साधारण तीन आठवड्यांनी डबा ठेवून त्याने वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे. शब्द नाही आला. मी तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, भाताचा चिखल झाला.

सासूबाईंना पण काम दिलं. झोक्यावर बसवायचं, "एक, दोन, साडेमाडे" म्हणायचं आणि थांबायचं, तो काहीतरी करेपर्यंत झोका द्यायचा नाही. एक दिवस "तीन" आलं. त्या दिवसापासून त्या पार्टीत आल्या. त्याआधी मीठ-मोहरी चालू होती, ती मी करू दिली, त्याने कुणाचं काही जात नाही. वेखंड उगाळून जिभेला लावायला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हटलं, भांडण झालं, झालं तर झालं.

मोबाईलमुळे झालं, नोकरीमुळे झालं, घरात मराठी आणि शेजारी हिंदी म्हणून गोंधळला, हे सगळं तुम्हाला ऐकवणार. मोबाईल कमी करा, कारण तेवढा वेळ माणसांसोबत जातो, पण स्क्रीनमुळे होतो म्हणतात तो व्हर्च्युअल ऑटिझम हे कुठलं मान्य डायग्नोसिस नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, एका प्लेग्रुपवाल्यांनी आम्हाला घरी फक्त इंग्लिश बोला सांगितलं होतं, म्हणजे आजीने काय करायचं? लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारं जे 1998 चं संशोधन होतं ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलने 2010 मध्ये मागे घेतलं. आणि वाट बघून बघून माणूस हताश होतो तेव्हाच फेसबुकवर ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्या स्टेम सेल उपचाराची जाहिरात येते. नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही असं म्हटलंय. लाखांचा प्रश्न आहे, दागिने मोडायच्या आधी एकदा थांबा.

नवरा-बायकोत या काळात एक घाबरतं आणि एक नाकारतं, आमच्यात मी घाबरले. तोडगा असा काढला की शनिवारची थेरपी बाबाच नेणार, मी येणार नाही. दुसऱ्या मुलांना तिथे बघून बाबाला जे कळलं ते माझ्या दोनशे मेसेजेसनी कळलं नव्हतं. रात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी एकदा केला होता, बाथरूममधून.

कागदांचं थोडक्यात. प्रायव्हेट रिपोर्ट आणि दिव्यांग सर्टिफिकेट वेगळं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. सर्टिफिकेटसाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी, तिथे इसा नावाची चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, सत्तर किंवा त्याच्या पुढे स्कोअर गेला की ऑटिझम धरतात. सर्टिफिकेट हातात आल्यावर निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज करता येतो, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर दिव्यांग मुलासाठीची इन्कम टॅक्सची सूट, जी 80 डीडी म्हणून ओळखतात. म्हणून पहिल्या दिवसापासून थेरपीची पावती फेकू नका. आधार, जन्मदाखला, लसीकरण कार्ड, कानाचा रिपोर्ट, सगळं एका प्लास्टिक फोल्डरमध्ये, वर मुलाचं नाव.

अपॉइंटमेंटच्या दिवशी त्याचा स्वतःचा डबा, एक जास्तीचा टी-शर्ट, आवडीची एक वस्तू आणि तुमचे प्रश्न कागदावर, तोंडी आठवत नाहीत. रिपोर्ट मिळाला की तिथेच नाव आणि जन्मतारीख तपासा, आमच्यात स्पेलिंग चुकलं होतं आणि पोर्टलने अडवलं. मग पाच-सहा झेरॉक्स काढा, मोबाईलवर स्कॅन ठेवा. लॅमिनेशन करू नका. यांनी हौसेने केलं, आता झेरॉक्स काढली की प्रत्येक वेळी सहीवर पांढरा चट्टा येतो.