घर तारण ठेवायची फाइल, गरज पडण्याआधी

हॉस्पिटलचं बिल थांबत नाही, सोसायटीने काढलेली दुरुस्तीची वर्गणीही फार थांबत नाही. घरावरच्या कर्जाला मात्र कागद चोख असले तरी दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून कर्ज नको असतानाच फाइल लावून ठेवायची. इमारतीने तिशी ओलांडली असेल तर जास्तच, कारण स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे आणि अहवालामागोमाग खर्चाचा आकडा येतोच.

दोन-तीन लाखांसाठी मात्र घर गुंतवू नका. प्रोसेसिंग फी, तीवर १८ टक्के जीएसटी, वकिलाची आणि व्हॅल्युअरची फी, तारणावरचं मुद्रांक शुल्क हे सगळं धरलं की छोट्या रकमेला ते महाग पडतं. तिथे एफडीवरचं किंवा सोन्यावरचं कर्ज बरं, तेही एका दिवसात होतं.

कागदांत पहिली बघायची ती करारांची साखळी: बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तिथपासून तुमच्यापर्यंतचा प्रत्येक मूळ करार, त्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा. मधला एखादा करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, यात महिना जातो. तो आत्ताच घालवा. मग शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मालमत्ता कराची चालू पावती, मंजूर नकाशा आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ठाण्यात बऱ्याच फाइली ओसीपाशीच अडतात. इमारत पालिकेच्या सी-वन, म्हणजे अतिधोकादायक इमारतींच्या यादीत असेल तर बँकेची पायरी चढूच नका. नवी मुंबईत जमीन बहुतेक सिडकोची, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भाडेपट्ट्याची. अशा घराच्या तारणासाठी सिडकोची एनओसी लागते. सोसायटीत नाव चढलं पण सिडकोच्या दप्तरी जुन्याच मालकाचं राहिलं, हा घोळ तिथे नेहमीचा. तो आधी निस्तरा.

घर वडिलांच्या नावावर होतं आणि ते गेल्यावर नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलं, एवढ्याने बँकेचं समाधान होत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. भावंडांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी लागतं, नाहीतर सगळ्यांच्या सह्या. आणि हा विषय आजारपणाच्या धावपळीत काढण्यासारखा नसतो.

गृहकर्ज चालू असेल तर त्याच बँकेचं टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावरचं वाढीव कर्ज, आधी विचारा. कागद तिच्याकडेच असतात आणि दर सहसा मालमत्ता तारण कर्जापेक्षा कमी. कर्ज फिटलेलं असेल आणि खर्च नक्की कधी येईल ते माहीत नसेल, तर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे लागेल तेवढेच पैसे उचलायचे आणि तेवढ्यावरच व्याज. १० लाखांची मर्यादा मंजूर असली तरी २ लाख ३ महिने वापरले तर १० टक्क्यांनी व्याज साधारण ५,००० रुपयेच. वार्षिक नूतनीकरणाची फी आणि मर्यादा दरमहा घटते का, हे विचारून घ्या. एकरकमी कर्जात मुदत लांबवायचा मोह होतो. १० लाखांना १० टक्क्यांनी १० वर्षांचा हप्ता १३,२१५ आणि १५ वर्षांचा १०,७४६. महिन्याला अडीच हजार वाचवण्यासाठी एकूण साडेतीन लाख जास्त जातात.

सही करण्याआधी मुख्य तथ्य पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४पासून ते बँकेला द्यावंच लागतं आणि सगळे खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर त्यात असतो. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळलाय का तेही तिथेच दिसतं. नको असेल तर काढायला लावा. हप्ता थकून ९० दिवस उलटले, म्हणजे साधारण तीन हप्ते चुकले, की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग घराचा ताबा घेण्याआधीची ६० दिवसांची नोटीस. म्हणून तीन हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात आधीच ठेवा.

मूळ कागद देताना पानांच्या संख्येसकट यादी करून त्यावर बँकेचा शिक्का घ्या, सगळं स्कॅन करून ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्या वेळी तारणाची नोंदही रद्द करून घ्या, नाहीतर घर विकताना गिऱ्हाइकाच्या वकिलाला ती सापडते.